उजेड कुठून येतो, कुठे थांबतो : निसर्गचित्रांविषयी वाचकांचे प्रश्न

निसर्गचित्रातल्या उजेड-काळोखाच्या अर्थाविषयी आणि तो कागदावर उतरवण्याविषयी वाचकांकडून प्रश्न मागवले होते. निवडक प्रश्नांना इथे उत्तरं दिली आहेत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : रसग्रहणाच्या तासाला ‘उजेड म्हणजे आशा, काळोख म्हणजे संकट’ असं शिकवलं जातं. हे समीकरण कोणत्याही निसर्गचित्राला लावता येतं का? (एक कलाशिक्षिका, सातारा)

चित्र नीट पाहून झाल्यावर ते लावून पाहा. आधीच लावलंत तर चित्राकडे बघायचं राहूनच जातं आणि फसगत होते.

सगळ्यात सोपं वाटणारं उदाहरण घ्या. इंग्रज चित्रकार टर्नर याने 1843 साली महाप्रलयावर एक जोडचित्र केलं. एकात प्रलयाची संध्याकाळ, म्हणजे काळपट निळ्या-करड्या रंगाचा घेर. दुसऱ्यात प्रलयानंतरची सकाळ, म्हणजे पिवळ्या-नारिंगी उजेडाचा भोवरा. गटे या जर्मन कवीचा रंगांवरचा ग्रंथ 1810 साली निघाला आणि त्याचं इंग्रजी भाषांतर 1840 मध्ये आलं. ते टर्नरने बारकाईने वाचलं होतं आणि सकाळच्या चित्राच्या नावातच त्याने गटेचा उल्लेख केला. गटेने पिवळा आणि तांबूस पिवळा हे रंग ‘अधिक’ बाजूला ठेवले, कारण ते मन उल्हसित करतात. निळा आणि त्याच्या जवळचे रंग ‘उणे’ बाजूला, कारण त्यांनी मन अस्वस्थ होतं. इथवर तुमचं समीकरण चपखल बसतं. पण सकाळच्या चित्रासोबत टर्नरने स्वतःच्या काव्यपंक्तीही दिल्या होत्या. ओल्या जमिनीतून वर येणारा प्रत्येक बुडबुडा आशेचा दूत आहे, आणि उन्हाळ्यातल्या माशीसारखा तो क्षणभर उडून मरतो, असा त्यांचा आशय. म्हणजे दोघांतलं उजळ चित्र आशा दाखवतंच, पण ती आशा टिकणारी नाही हेही सांगतं.

अमेरिकन चित्रकार टॉमस कोल याचं 1836 सालचं ‘ऑक्सबो’ हे चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. डावीकडे वादळाचे काळे ढग आणि मोडलेली झाडं असलेलं रान. उजवीकडे नदीच्या वळणालगतची नांगरलेली, उन्हात न्हालेली शेतं. समीकरणाने वाचलं तर रान वाईट आणि शेत चांगलं ठरतं. पण कोलचा जीव रानात होता. त्याच वर्षी छापलेल्या निबंधात कुऱ्हाडीने उजाड होत चाललेल्या जंगलांबद्दल त्याने दुःख व्यक्त केलं आहे. चित्रात त्याने स्वतःची चिमुकली आकृती पुढच्या कड्यावर रंगवली आहे, तीही रानाच्या बाजूला, झाडोऱ्यात. काळोखात असलेलीच गोष्ट चित्रकाराला जास्त प्रिय असू शकते.

वर्गात करून घ्यायला एक पद्धत सुचवतो. चित्राची पोस्टकार्डाएवढी छापील प्रत घ्या, तिच्यावर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि 6बी पेन्सिलने चित्राचे फक्त तीन टोन पाडा : कोरा, मधला, गडद. दहा मिनिटं पुरतात. तपशील काढू देऊ नका. झाड, घर, माणूस एका टोनमध्ये असतील तर ते एकच आकार म्हणून भरायचे. मग विचारा : उजेडाचा उगम चौकटीच्या आत आहे, बाजूला आहे, की आपल्या पाठीमागे? उजेड पहिल्यांदा कशावर पडतो? गडद भागात नेमकं काय ठेवलं आहे? उजळ भाग चित्राच्या साधारण एक-पंचमांशाहून कमी असेल तर नजर तिथेच खिळते आणि अर्थाचा भार त्याच जागेवर येतो. उजळ भाग अर्ध्याहून मोठा असेल तर उलट होतं, गडद आकार बोलू लागतात. ही उत्तरं हाती आल्यावर आशा, भय, विरक्ती यांवर बोला.

प्रश्न : मावळता सूर्य म्हणजे शेवट, असंच समजायचं का? आणि चित्रातली वेळ सकाळची आहे की संध्याकाळची हे ओळखायचं कसं? (पुणे)

दुसरा प्रश्न आधी घेऊ. नुसत्या रंगावरून खात्रीने ओळखता येत नाही. संध्याकाळी हवेत धूळ जास्त असते म्हणून लाली बहुधा अधिक गडद, पण धुक्यातली सकाळही तितकीच लाल असू शकते. खुणा इतरत्र शोधाव्या लागतात : गुरं कुठल्या दिशेने चालली आहेत, माणसांच्या खांद्यावर काय आहे, दरीत धुकं साचलं आहे का. जागा ओळखीची असेल तर दिशा सगळ्यांत भरवशाची, तरीही चित्रकार ती मोडू शकतो. टर्नरचं 1839 सालचं ‘फायटिंग टेमरेअर’ पाहा. जुनं युद्धजहाज मोडीत काढायला सप्टेंबर 1838 मध्ये थेम्स नदीतून पश्चिमेकडे ओढून नेलं गेलं. मावळता सूर्य जहाजाच्या पुढे असायला हवा होता. चित्रात तो मागे आहे. जहाजाच्या डोलकाठ्याही तोवर उतरवलेल्या होत्या, टर्नरने त्या परत उभ्या केल्या. फिकट, भुतासारखं जहाज आणि पाठीमागे पेटलेलं आकाश त्याला एका चौकटीत हवं होतं. तिथे मावळतीचा अर्थ शेवट असाच आहे, आणि त्यासाठी त्याने भूगोल मोडला.

पण त्याआधी तीस वर्षं फ्रीड्रिख या जर्मन चित्रकाराने मावळतीला वेगळा अर्थ दिला. त्याचं ‘डोंगरावरचा क्रूस’ (1807-08) जर्मनीत ड्रेस्डेनला आहे. कड्याच्या माथ्यावर क्रूस, भोवती सदाहरित फरची झाडं आणि डोंगराआड गेलेल्या सूर्याचे वर फाकलेले किरण. निसर्गचित्र वेदीसाठी वापरलं म्हणून 1809 मध्ये मोठा वाद झाला, तेव्हा फ्रीड्रिखने अर्थ स्वतःच सांगितला. मावळलेला सूर्य म्हणजे ईश्वर पृथ्वीवर वावरत होता तो जुना काळ. तो सूर्य आता आपल्याला थेट दिसत नाही. क्रूसावरची मूर्ती धातूची आहे, ती तो उजेड झेलून खाली परावर्तित करते. खडक म्हणजे श्रद्धा, फरची झाडं म्हणजे आशा. सूर्य चौकटीत दिसत नाही आणि त्याचा उजेड दुसऱ्या कशावर तरी पडून आपल्यापर्यंत येतो, यावरच सगळा अर्थ उभा आहे. सूर्याचं बिंब दाखवलं असतं तर हा अर्थ उरला नसता.

प्रश्न : जलरंगात चांदणं रंगवताना आकाश काळंकुट्ट आणि मळकट होतं. चंद्र कापून चिकटवल्यासारखा दिसतो. (रत्नागिरी. अशाच आशयाची आणखी पत्रं आली आहेत.)

आकाश मळकट होतं ते थरांमुळे आणि घाईमुळे; चंद्र चिकटवल्यासारखा दिसतो तो कडेमुळे आणि आकारामुळे.

आधी आकार. आकाशात चंद्राची रुंदी जेमतेम अर्धा अंश असते. क्वार्टर इम्पिरियल कागद (38 × 28 सेंमी) 40 सेंमीवरून पाहिला जातो असं धरलं तर खरा चंद्र साडेतीन मिलिमीटरचा होतो. चित्रकार तो मोठा करतातच. सात-आठ मिलिमीटरपर्यंत रात्र शाबूत राहते. दोन सेंमीचा चंद्र काढलात की बाकीचं दृश्य खेळण्यासारखं छोटं वाटू लागतं.

रंगवण्यापूर्वी वाया गेलेल्या कागदावर पाच टोनची पट्टी करा. कोरा कागद 1, सर्वांत गडद 5. चांदण्या रात्रीसाठी वाटणी अशी ठेवा : चंद्र आणि पाण्यावरची चमक 1, चंद्राभोवतीचं वलय 2, आकाश 3, लांबचे डोंगर 4, पुढची झाडं आणि होड्या 5. आकाशालाच 5 देऊन टाकणं ही नेहमीची चूक. मग झाडांना जागाच उरत नाही, आणि झाडं दिसावीत म्हणून हात पांढऱ्या रंगाकडे जातो.

कागद किमान 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा) घ्या आणि चारही बाजूंनी टेपने ताणून बसवा. चंद्राच्या जागी मास्किंग फ्लुइडचा (कागद कोरा राखणारा, नंतर सोलून काढायचा द्रव) ठिपका द्या. रंग दोनच : अल्ट्रामरीन (गडद निळा) दोन भाग, बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) एक भाग. यातून थंड निळसर करडा मिळतो. सिएना वाढवलात तर ऊबदार गडद. वाटीत आकाशाला पुरेल त्याच्या दुप्पट रंग आधीच कालवून ठेवा, कारण अर्ध्यावर संपला तर तोच टोन पुन्हा जमत नाही. जलरंग सुकल्यावर साधारण एक पायरी फिकट होतो, म्हणून ओला असताना हवा त्यापेक्षा एक पायरी गडद दिसला पाहिजे. आकाशाचा पूर्ण भाग स्वच्छ पाण्याने ओला करा, रंग कडांकडून चंद्राच्या दिशेने आणा आणि चंद्रापासून दोन-तीन सेंमीवर ब्रश उचला. उरलेलं अंतर ओला कागद स्वतः भरतो, त्यातूनच वलय होतं. ब्रशने वलय ‘काढू’ नका.

आता हात आवरायचा. कागदाची चकाकी जाऊन तो मऊसर ओला दिसतो, त्या वेळी पुन्हा ब्रश लागला तर फुलकोबीसारखे डाग उठतात. पुढचा हात पूर्ण सुकल्यावरच. तळहाताची मागची बाजू टेकवा. कागद गार लागला म्हणजे ओल आहे. कोकणात पावसाळ्यात सुकायला खूप वेळ लागतो, तेव्हा चित्र पंख्याखाली सपाट ठेवा. हेअर ड्रायर जवळ धरलात तर ओला रंग ढकलला जातो. एकावर एक तीनपेक्षा जास्त वॉश (पातळ रंगाचे थर) देऊ नका. चौथ्या वॉशला खालचा रंग सुटतो आणि मळ तिथूनच येतो.

झाडांना हिरवा देऊ नका. अंधुक उजेडात डोळ्याला रंग नीट कळत नाहीत, त्यातही लाल सर्वांत आधी काळवंडतो आणि निळसर-हिरवट तुलनेने उजळ राहतो. एकोणिसाव्या शतकात पुर्किन्ये या शास्त्रज्ञाने हे नोंदवलं. म्हणून रात्री कौलारू छप्पर भोवतालच्या झाडीपेक्षाही गडद दिसतं. दिवसाच्या फोटोवरून रात्र रंगवताना नेमकं हेच चुकतं.

पाण्यावरची चमक नेहमी चंद्राच्या बरोबर खाली, बघणाऱ्याकडे येते. ती कधीच तिरकी जात नाही. क्षितिजाजवळ दाट, जवळ येताना तुटक, आडव्या फटकाऱ्यांची. ब्रश जवळजवळ कोरडा करून आडवा ओढा, किंवा पूर्ण सुकल्यावर ब्लेडच्या टोकाने हलकं खरवडा.

अर्थाचं म्हणाल तर पूर्ण थंड रंगात एकाच खिडकीत नारिंगी ठिपका द्या, तीन-चार मिलिमीटरचा, तोही राखलेल्या कोऱ्या कागदावर. एका खिडकीने घरात कोणीतरी जागं आहे एवढं कळतं. पाच खिडक्या उजळल्या तर ती दिवाळी होते.

चंद्रकोरीबद्दल काही जणांनी विचारलं आहे. कोरीची उजळ बाजू नेहमी सूर्याकडे असते. संध्याकाळची कोर पश्चिमेला, मावळतीच्या वर, आणि आपल्या अक्षांशावर बरीच होडीसारखी आडवी. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमाराला पूर्वेला उगवतो, त्यामुळे मावळता सूर्य आणि पूर्ण चंद्र एकमेकांशेजारी काढणं चूकच. कोरीच्या दोन टोकांच्या मध्ये चांदणीही काढू नका, तिथे चंद्राचाच काळा भाग असतो. फ्रीड्रिखच्या ‘चंद्र पाहणारे दोन पुरुष’ या 1819-20च्या चित्रात हे सगळं अचूक आहे. कोरीच्या आत बिंबाचा उरलेला भाग अंधुक दिसतो आणि शुक्र बाजूला, स्वतंत्र.

प्रश्न : सूर्य कितीही पिवळा केला तरी ‘पेटत’ नाही. (नागपूर)

उघड्यावरच्या उजेडाची आणि सावलीची तफावत प्रचंड असते. कागदाच्या पांढऱ्याची आणि सुकलेल्या काळ्या जलरंगाची तफावत जेमतेम वीस-पंचवीस पट. त्यामुळे सूर्याशी चमकीत बरोबरी करता येत नाही, युक्ती करावी लागते. युक्त्या दोन आहेत.

पहिली सतराव्या शतकातल्या क्लोद लॉरँ या फ्रेंच चित्रकाराची. 1648 सालच्या ‘शेबाच्या राणीचं प्रस्थान’ या बंदराच्या चित्रात सूर्य क्षितिजाच्या थोडा वर, बरोबर समोर आहे. तोच सर्वांत उजळ. दोन्ही बाजूंच्या इमारती जसजशा आपल्याकडे येतात तसतशा गडद होतात, आणि गडद कडांमुळे मधला उजेड ढकलून पुढे आल्यासारखा वाटतो. इथे सूर्याला जवळजवळ पांढरा ठेवायचा आणि बाकी सगळं त्याहून गडद करायचं.

दुसरी मोने या फ्रेंच चित्रकाराची. 1872 असं साल घातलेल्या ‘सूर्योदय, एक ठसा’ या चित्रातला नारिंगी सूर्य थरथरतो. त्या चित्राचा रंगीत फोटो फोनवर कृष्णधवल करून बघा. सूर्य जवळजवळ नाहीसा होतो, कारण तो भोवतीच्या करड्या आकाशाइतकाच गडद आहे. फरक फक्त रंगाचा, आणि डोळ्याला त्याची जागा पक्की ठरवता येत नाही म्हणून तो हलल्यासारखा वाटतो.

तुमचा सूर्य बहुधा या दोन्हींच्या मधोमध अडकला आहे : पांढऱ्याइतका उजळ नाही आणि आकाशाच्या टोनचाही नाही. कृष्णधवल फोटो काढून खात्री करा आणि एक वाट धरा. मोनेची वाट धरलीत तर आकाशात दुसरीकडे कुठेही तितका शुद्ध नारिंगी येऊ देऊ नका.

प्रश्न : इथल्या संग्रहालयात रॉइसडाल या डच चित्रकाराचं ‘ज्यूंचं कब्रस्तान’ पाहिलं. इंद्रधनुष्य म्हणजे आशा हे कळलं, पण चित्र तरीही जड वाटतं. असं का? (डेट्रॉइट)

तुम्ही चित्र बरोबर पाहिलं आहे. रॉइसडालने 1650च्या दशकात या विषयाची दोन चित्रं केली. मोठं, 142 × 189 सेंमीचं, तुमच्या गावी आहे आणि लहान ड्रेस्डेनला. थडगी खरी आहेत, ॲम्स्टरडॅमजवळच्या औडरकर्क इथली, आणि त्यांची त्याने जागेवर रेखाटनंही केली होती. पण पडकी इमारत, टेकडी आणि खळाळता ओढा तिथे नाही, ते त्याने जोडलं. म्हणजे इथला प्रत्येक उजळ ठिपका ठरवून ठेवलेला आहे.

उजेड कशावर पडतो ते मोजा. सर्वांत तेजस्वी जागा म्हणजे मधलं पांढरं थडगं आणि वठलेलं झाड. इंद्रधनुष्य त्याहून कितीतरी मंद, काळ्या ढगांपुढे, मागे ठेवलेलं. जोर मृत्यूवर आहे आणि दिलासा दूर आहे. ओढा, पडझड, वठलेलं झाड काळ सरतो हे सांगतात. पडक्या भिंतींभोवती उगवलेली हिरवी झाडी आणि धनुष्य पुढे काहीतरी आहे हे सांगतात. दोन्ही एकाच चित्रात धरून ठेवणं हेच या चित्राचं मोठेपण, आणि गटेनेही 1816 मध्ये रॉइसडालवर लिहिताना त्याला विचार करणारा, कवी म्हणावा असा चित्रकार ठरवलं.

धनुष्य रंगवणाऱ्यांसाठी : सूर्य नेहमी बघणाऱ्याच्या पाठीमागे असतो, त्यामुळे धनुष्य आणि सूर्य एका चौकटीत येत नाहीत. कमानीची त्रिज्या सुमारे 42 अंश असते. सूर्य त्याहून वर असेल तर सपाट जमिनीवरून धनुष्य दिसत नाही. म्हणून भर दुपारच्या आखूड सावल्यांसोबत ते काढू नका. लाल बाहेर, जांभळा आत. कमानीच्या आतलं आकाश बाहेरच्यापेक्षा थोडं उजळ ठेवा; एवढ्यानेच धनुष्य हवेतलं वाटतं.

प्रश्न : रेम्ब्रँटचं ‘पवनचक्की’ जुन्या पुस्तकात सोनेरी-तपकिरी आहे, नेटवर आकाश निळसर. खरं कोणतं? (कोल्हापूर)

निळसर. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनात असलेलं हे चित्र 1970च्या दशकाच्या शेवटी साफ केलं गेलं. तैलचित्रावरचं नैसर्गिक राळेचं वार्निश काही दशकांत पिवळं, मग तपकिरी पडतं. त्यामुळे निळा हिरवट दिसतो, पांढरा सोनेरी, आणि गडद भागातले तपशील बुडतात. एकोणिसाव्या शतकातल्या रसिकांना या चित्राची जी उदास, गूढ संध्याकाळ भावली तिच्यात वार्निशचा बराच वाटा होता. फ्रीड्रिखच्या ‘समुद्रकाठचा संन्यासी’चीही बर्लिनमध्ये अशीच दुरुस्ती होऊन ते 2016 मध्ये पुन्हा मांडलं गेलं, त्याचं आकाश आता पूर्वीपेक्षा थंड आणि मोकळं दिसतं. म्हणून जुन्या छपाईवरून ‘सोनेरी उजेडाचा अर्थ’ लिहिण्याआधी संग्रहालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा फोटो बघा आणि फोनचा रात्रीचा पिवळा पडदा बंद करा.

प्रश्न : आपल्या लघुचित्रांत सावल्याच नसतात. मग रात्र कशी कळते? (सोलापूर)

खुणांनी. पहाडी किंवा राजस्थानी चित्रात आकाशाची पट्टी गडद निळी-करडी होते, चंद्र-तारे येतात, हातात दिवटी किंवा खोलीत समई दिसते. पण माणसं स्वच्छ, समान उजेडात राहतात. वीज सोन्याच्या नागमोडी रेघेने येते. अर्थ छायेवर न सोपवता रंगाच्या सपाट क्षेत्रावर आणि संकेतावर सोपवलेला असतो. काळोख इथे शत्रूही नसतो. अंधाऱ्या रात्री प्रियकराला भेटायला निघालेली कृष्णाभिसारिका गडद वस्त्रं नेसते, कारण काळोख तिला लपवतो. शुक्लाभिसारिका शुभ्र वस्त्रं नेसून चांदण्यात मिसळून जाते. युरोपीय छायाप्रकाशाचा नियम लावून ही चित्रं ‘सपाट’ ठरवणं चुकीचं आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात लघुचित्रांचा चांगला संग्रह आहे. तिथे गेलात तर किंचित बाजूला सरकून बघा, म्हणजे सोन्याची रेघ चमकते. समोरून काढलेल्या फोटोत ती साधी पिवळी दिसते.

प्रश्न : पेटीतला काळा रंग काढून टाकावा का? (इंटरमीजिएटची एक विद्यार्थिनी, जळगाव)

काढू नकोस. प्रत्येक रंगात काळा मिसळून त्याची सावली तयार करायची सवय मात्र सोड. स्वच्छ दिवशी पांढऱ्या भिंतीवरच्या सावलीला वरून निळ्या आकाशाचा उजेड मिळतो, म्हणून ती निळसर असते. तिथे काळा घातला की भिंत मळकी दिसते. ढगाळ दिवशी सावल्या पुसट आणि करड्या होतात, तेव्हा थोडा काळा चालतो. काळ्यात लेमन यलो घालून बघ, आंब्याच्या दाट झाडीचा छान गडद हिरवा मिळतो. निव्वळ काळा चित्रात एकाच जागी वापर, अगदी शेवटी, आणि त्याच्या शेजारी तुझा सर्वांत उजळ भाग येईल असं बघ.